पुण्यात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला महापालिकेपुरते मत असावे का?

धागालेखक, कोथरूड

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीआधी तीन-चार दिवस कार्यकर्ते मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आले आणि नेहमीप्रमाणे तो वॉचमनच्या हाती देऊन पुढच्या इमारतीकडे गेले. आमचे वॉचमन मूळचे नेपाळच्या पश्चिम भागातले. गेली २३ वर्षे ते पुण्यात आहेत आणि त्यातली १७ वर्षे आमच्या सोसायटीत. कोणत्या घरातले आजोबा वारले, कोणाची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, कोणता फ्लॅट दोन वर्षे कुलूपबंद आहे, हे त्यांना यादी करणाऱ्यांपेक्षा नेमके ठाऊक असल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या योग्य दारी पोचल्या, आणि मयत व स्थलांतरित व्यक्तींच्या चिठ्ठ्या त्यांनी वेगळ्या काढून सचिव या नात्याने माझ्याकडे आणून दिल्या. मतदानाच्या दिवशी दोन वृद्ध सभासदांना त्यांनीच रिक्षाने केंद्रावर नेले आणि बाहेर थांबून परत आणले. सोसायटीतले मतदार चार-चार बटणे दाबून आले; ज्यांनी ही सारी धावपळ केली त्यांच्या बोटाला मात्र शाई लागणे शक्य नव्हते, कारण ते भारताचे नागरिक नाहीत.

या प्रसंगामुळे जे मत माझ्या मनात पक्के झाले ते इथे मांडतो आणि त्यावर विरोधी बाजू ऐकण्याची माझी मनापासून इच्छा आहे. जी परदेशी व्यक्ती कायदेशीरपणे सलग पाच वर्षे एका शहरात राहिली आहे, तिला त्या शहराच्या महापालिका निवडणुकीत मतदानाचा हक्क असावा. लोकसभा आणि विधानसभा यांच्याविषयी मी बोलत नाही. संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि खुद्द नागरिकत्वाचा कायदा ज्या सभागृहांत आणि ज्यांच्या आधारे ठरतो, तिथे नागरिकांचाच शब्द असला पाहिजे. निवडणूक लढवण्याचा हक्कही मी मागत नाही. पाणी, कचरा, पदपथ, दिवे, महापालिकेचा दवाखाना आणि महापालिकेची शाळा या गोष्टी जो रोज वापरतो, त्याला त्या चालवणाऱ्याची निवड करता यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाय तो करही भरतो. मूळचे भारतीय पण आता परदेशी नागरिकत्व असलेले, ओसीआय (विदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक कित्येक जण औंध-बाणेरला स्वतःच्या घराचा मिळकत कर भरतात, आणि आमचे वॉचमन साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर वस्तू व सेवा कर देतात.

राज्यघटनेचे कलम ३२६ प्रौढ मताधिकार नागरिकांना देते, परंतु ते लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांविषयी आहे. महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते ती राज्याच्या कायद्यामुळे, घटनेच्या थेट आज्ञेमुळे नव्हे. म्हणजे विधिमंडळाने मनावर घेतले तर घटनादुरुस्तीशिवाय हे करता येईल, असा माझा समज आहे.

जगात हे नवीन नाही. स्वीडनने १९७६ पासून, डेन्मार्कने १९८१ पासून आणि नॉर्वेने १९८३ पासून ठरावीक काळ राहिलेल्या परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकांत मत दिले. आशियात दक्षिण कोरियाने २००६ च्या स्थानिक निवडणुकांत कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षे झालेल्या परदेशी लोकांना मतदान करू दिले. न्यूझीलंड तर १९७५ पासून कायम रहिवाशांना संसदेच्या निवडणुकीतही मत देतो. यापैकी कोणत्याही देशाचे सार्वभौमत्व त्यामुळे बुडालेले नाही.

प्रतिसाद: वकील, शिवाजीनगर

आपल्या वॉचमनविषयीचा आदर मला मान्य आहे, तरीही प्रस्तावाला माझा विरोध आहे आणि तो केवळ भावनेचा नाही.

कलम ३२६ चे आपले वाचन अक्षरशः बरोबर आहे. परंतु १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकेला जे स्थान दिले, ते आपण हिशेबात घेतलेले नाही. तिच्यामुळे महापालिका ही झाडलोट करणारी यंत्रणा न राहता शासनाचा तिसरा स्तर झाली. ती कर बसवते, विकास आराखडा करते, कुणाच्या जमिनीवर रस्त्याचे आरक्षण टाकायचे ते ठरवते. ही सत्ता आहे, आणि सत्ता ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांतून निघते. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्ग या राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क देणारे कायदे केले होते. तिथल्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी ते रद्द केले, कारण राज्यसत्तेचा उगम जर्मन जनतेत आहे आणि ग्रामपातळीवरही तोच नियम लागू आहे. न्यू यॉर्क शहरानेही कायदेशीर परदेशी रहिवाशांना पालिकेचे मत देणारा कायदा केला होता, तो त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला.

दुसरा मुद्दा अधिक व्यवहाराचा आहे. आपण म्हणता की हे मत महापालिकेपुरते राहील. ते तसे राहणार नाही. कलम १७१ नुसार विधान परिषदेतील जवळपास एक तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांचे सदस्य निवडून देतात, आणि त्या मतदारसंघात पुण्याचे नगरसेवक मतदार असतात. परदेशी नागरिकाने निवडलेला नगरसेवक उद्या राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य निवडणार, म्हणजे जी भिंत आपण बांधू पाहता तिला पहिल्याच दिवशी दार आहे.

आणि तिसरे, आपण सचिव आहात म्हणून विचारतो. आपल्या सोसायटीत दहा वर्षे राहणाऱ्या भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत आहे का? पाणी तोही वापरतो, लिफ्ट तोही वापरतो, मेंटेनन्सचा बोजा भाड्यातून त्याच्यावरही पडतो. तरीही मत सभासदाचे असते, कारण इमारत पडली तर ती पुन्हा उभी करण्याची जबाबदारी सभासदावर असते. मत हवे असेल तर सभासद व्हावे. नागरिकत्व कायद्यात १२ वर्षांच्या वास्तव्यानंतर देशीयकरणाने नागरिक होण्याची वाट आहे. २३ वर्षे राहिलेल्या माणसाने ती का धरू नये?

प्रतिसाद: निवृत्त ग्रंथपाल, सहकारनगर

एका गोष्टीकडे दोन्ही बाजूंचे लक्ष गेलेले दिसत नाही. माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहते. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, तिथले नागरिकत्व तिने घेतलेले नाही, आणि तरीही ४ जुलै २०२४ रोजी तिने ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मतदान केले. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना, ते तिथे कायदेशीरपणे राहत असतील तर, ब्रिटनमध्ये असे मत मिळते. त्यासाठी पाच वर्षे थांबावेही लागत नाही. तिने फोनवर सांगितले तेव्हा माझा प्रथम विश्वासच बसला नाही.

पुण्याच्या किती घरांतली मुले आज तिथे असे मत देत असतील! आपली मुले परक्या देशाच्या संसदेचे सदस्य निवडतात याचे आपल्याला कौतुक वाटते, आणि आपल्या गल्लीत वीस वर्षे राहिलेल्या माणसाने नगरसेवक निवडावा असे कोणी म्हणताच आपल्याला धोका दिसतो. हे दोन्ही एकाच वेळी मनात बाळगणे मला अवघड जाते. वकीलसाहेबांच्या कायद्याच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही, पण सार्वभौम राष्ट्रात असे होऊच शकत नाही हा सूर मात्र खरा नाही.

प्रतिसाद: अभियंता, विमाननगर

माझे वडील नोकरीनिमित्त आसाममधल्या दुलियाजानला होते आणि माझे शालेय शिक्षण तिथे झाले, म्हणून हा विषय मी वेगळ्या आठवणींतून पाहतो. ग्रंथपालबाई, ब्रिटन हे बेट आहे. तिथे कोण उतरले याची नोंद विमानतळावर होते. आपल्या सीमा नद्यांतून, शेतांतून आणि घरांच्या अंगणांतून जातात.

१९७९ साली मंगलदोई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक व्हायची होती. त्यासाठी यादी तपासताना परदेशी नागरिकांची नावे मोठ्या संख्येने असल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्या एका मतदार यादीवरून सहा वर्षे चाललेले आंदोलन उभे राहिले. १९८३ ची निवडणूक बहिष्कारात आणि रक्तपातात झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आसाममधल्याच नेल्ली भागात हत्याकांड घडले. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने आंदोलन संपले, पण यादीवरचा अविश्वास संपला नाही. पुण्यात बसून ‘पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य’ हे शब्द लिहिणे सोपे आहे. ते वास्तव्य कायदेशीर होते हे कोण आणि कशावरून ठरवणार? आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ते रहिवाशाला मिळते, आणि नेमके म्हणूनच तुमच्या प्रस्तावात त्याचाच आधार घेतला जाईल.

त्या कराराचा एक तपशील इथे सांगतो. १ जानेवारी १९६६ ते २४ मार्च १९७१ या काळात आलेले जे लोक परदेशी ठरले, त्यांना राहू दिले गेले, भारतीय पासपोर्ट मिळवण्यासह नागरिकाचे हक्क दिले गेले, पण त्यांची नावे मतदार याद्यांतून १० वर्षांसाठी काढावीत असे ठरले. हेच नागरिकत्व कायद्याचे कलम ६अ, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते ऑक्टोबर २०२४ मध्ये वैध ठरवले. म्हणजे आपल्या देशाने या प्रश्नावर जेव्हा प्रत्यक्ष तोडगा काढला, तेव्हा बाकी सारे आधी दिले आणि मत सर्वांत शेवटी ठेवले. आपण तो क्रम उलटा करू पाहत आहात.

धागालेखक, कोथरूड

विमाननगरच्या अभियंत्यांनी जे लिहिले ते मी दोनदा वाचले. आसामच्या अनुभवाला पुण्याचा उतारा देता येणार नाही, हे मान्य. परंतु त्याच कलमातून मला दुसरेही काही दिसते: मत आणि नागरिकत्व ही एकाच नाण्याची अविभाज्य रूपे नाहीत हे आपल्याच कायद्याने मान्य केले आहे. जम्मू-काश्मीरमध्ये १९४७ साली पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे भारताची नागरिक होती, लोकसभेला मत देत होती, आणि २०१९ पर्यंत त्यांना विधानसभेला मत नव्हते. म्हणजे एक मत असणे आणि दुसरे नसणे ही मी शोधून काढलेली कल्पना नव्हे. तिथे ती अन्याय करण्यासाठी वापरली गेली. अन्याय कमी करण्यासाठी ती वापरता येणार नाही असे का मानावे?

आता ‘सभासद व्हा’ या मुद्द्याकडे येतो. यात माझ्या मनाला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नव्हती, कारण ती एका मुलीची आहे. वॉचमनची मोठी मुलगी २००७ साली पुण्यातच, सरकारी रुग्णालयात जन्मली. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. दहावीला मराठीत तिला माझ्या नातवापेक्षा अधिक गुण होते. नेपाळ तिने सुट्टीत चार-पाच वेळा पाहिले आहे. निवडणुकीआधी तिला १८ वर्षे पूर्ण झाली, आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणी पहिल्यांदा मत देऊन बोटांचे फोटो काढत होत्या तेव्हा ती आईबरोबर तिसऱ्या मजल्यावर धुणीभांडी करत होती. ती भारतात जन्मली म्हणून नागरिक असेल असे मला इतकी वर्षे वाटत होते. तसे नाही. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला जन्मानेच नागरिक होता. त्यानंतर आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले, आणि डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. तिचे दोन्ही पालक नेपाळी. म्हणजे १९५० च्या भारत-नेपाळ कराराने तिच्या वडिलांना इथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा दिली, पण तिला हे शहर आपले म्हणण्याचा कागद कोणी दिला नाही.

वकीलसाहेब, सोसायटीचा दाखला मला काही वेळ निरुत्तर करून गेला. विचारान्ती उत्तर देतो. सोसायटी ही मालमत्तेची संस्था आहे. तिथे घर विकत घेणाऱ्याला भागभांडवलाचा दाखला मिळतो. शहर कोणी विकत घेतलेले नाही. कोथरूडमध्ये भाड्याने राहणाऱ्या लातूरच्या विद्यार्थ्याला त्याचे नाव यादीत असेल तर महापालिकेचे मत आहे, आणि घर पडले तर ते उभारण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. त्याला मत का आहे? तो इथे राहतो म्हणून. लोकप्रतिनिधित्व कायद्यात ‘सामान्यतः रहिवासी’ हे शब्द आहेत ते उगाच नव्हेत.

प्रतिसाद: ओसीआय कार्डधारक, औंध

माझा उल्लेख पहिल्याच लेखनात झाला आहे, म्हणून लिहितो. मी २२ वर्षे अमेरिकेत होतो, तिथले नागरिकत्व घेतले, आणि २०११ साली पत्नीसह पुण्यात परतलो. मिळकत कर मी वेळेवर भरतो. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब प्रमाणे मला इथे मत नाही, आणि ते असू नये असे माझे प्रामाणिक मत आहे.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी असताना अमेरिकी दूतावासाकडून मला ईमेल आला की आपल्या नागरिकांना नेण्यासाठी विशेष विमाने सुटणार आहेत. आम्ही गेलो नाही. पण त्या रात्री पत्नी आणि मी बसून जावे की न जावे याचा विचार केला, आणि आमच्या शेजाऱ्यांच्या घरात तसा विचार होऊच शकत नव्हता. तो फरक मी विसरलेलो नाही. ज्याच्यापुढे निघून जाण्याची वाट उघडी आहे, त्याने इथल्या महापालिकेत कोण बसावे हे ठरवू नये. मी ज्या दिवशी तिथली शपथ घेतली त्या दिवशी इथले मत मी स्वतःच्या हाताने खाली ठेवले. त्याची खंत वाटते, पण ती माझ्या निर्णयाची किंमत आहे आणि ती शहराने माफ करावी अशी माझी अपेक्षा नाही.

प्रतिसाद: मराठीच्या निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

औंधच्या गृहस्थांचे लेखन प्रांजळ आहे, आणि त्यांच्याच कसोटीवर मी उलट निष्कर्षाला येते. निघून जाता येणे हीच कसोटी असेल, तर टाळेबंदीत कोथरूडचे वॉचमन कुठे होते? ते फाटकावर होते. दूध, औषधे, ऑक्सिजनची सिलिंडरे त्यांच्या हातून वर जात होती. त्यांच्यासाठी कोणत्याही दूतावासाचे विमान आले नाही. उलट भारतीय पासपोर्ट असलेल्या पण परदेशात कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला त्या वेळी निघता आले असते, आणि तिचे मत आपण काढून घेत नाही. मग ही कसोटी पासपोर्टची की माणसाच्या परिस्थितीची?

परंतु धागालेखकांशी माझे एका मुद्द्यावर तीव्र मतभेद आहेत आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजेत. ‘तो कर भरतो म्हणून त्याला मत द्या’ हे वाक्य त्यांनी मागे घ्यावे. ते ऐकायला न्यायाचे वाटते, पण त्याचा इतिहास तपासावा. इंग्रजी अमदानीत नगरपालिकेचे मतदार कोण होते? घरपट्टी भरणारे, मालमत्ता असणारे, काही ठरावीक शिक्षण झालेले. महात्मा फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेत आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. ज्यांच्यासाठी ते तिथे भांडत होते, त्या वस्त्यांतले लोक करदाते म्हणून मतदार होण्याच्या जवळपासही नव्हते. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणावी म्हणून युक्तिवाद केला, कारण मालमत्तेची अट वर ठेवली की संपूर्ण समाज यादीबाहेर राहत होता. १९५० च्या राज्यघटनेने ती पट्टी पुसून टाकली, आणि ज्याच्या नावावर एक पत्र्याची खोलीही नाही त्याला बंगलेवाल्याइतकेच एक मत दिले. ही या देशाने केलेली सर्वांत धाडसी गोष्ट आहे असे मी ३१ वर्षे वर्गात सांगत आले.

आता तुम्ही पुन्हा कराची पावती पुढे केलीत, तर तिचा पहिला लाभ औंधच्या ओसीआय कार्डधारकाला होईल, ज्यांना तो नको आहे. आणि शेवटचा वॉचमनला, ज्यांच्या नावावर मिळकत कराची एकही पावती नाही. आणि उद्या कोणी विचारेल की जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीतला जो माणूस मिळकत कर भरत नाही त्याला तरी मत कशाला. म्हणून मी म्हणते, बाजू मांडायची तर वास्तव्याची मांडा, कराची नको.

प्रतिसाद: किरकटवाडीच्या रहिवासी

ही सारी चर्चा वाचताना मला सारखे वाटत राहिले की मतदार ओळखपत्र खिशात असलेल्या आमच्यासारख्यांचे काय झाले ते कोणी सांगावे. जून २०२१ च्या अखेरीस आमच्या गावासह २३ गावे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही, आणि कलम २४३ यू सांगते की मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, दूषित पाण्याचा संशय आला, तेव्हा पाण्याविषयी कोणाला विचारायचे हे आम्हाला कळत नव्हते. आमच्या विहिरीचे पाणी कोणते, टाकीत औषध कोण घालते, हे पूर्वी सरपंचांना विचारता यायचे. त्या वर्षी आम्ही भारताचे नागरिक असूनही या शहरात परदेशी होतो. म्हणून माझा विरोध वॉचमनदादांना नाही, क्रमाला आहे. आमच्या वस्तीत बीड, जालना, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेली शेकडो कुटुंबे आहेत, त्यांची नावे अजून गावच्या यादीत आहेत आणि मतदानाला जायचे तर मजुरी बुडते. निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, तो पुढे सरकला नाही. आधी या नागरिकांची नावे ते राहतात तिथे लावून द्या. नवी यादी करायला निघालात तर जुन्या यादीत ज्यांना जागा मिळाली नाही ते आणखी मागे ढकलले जातील.

प्रतिसाद: वकील, शिवाजीनगर

किरकटवाडीच्या ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. पाच वर्षांची मुदत ही आज्ञा असताना ती जवळपास चार वर्षे गुंडाळून ठेवली गेली, याहून गंभीर मताधिकाराचा प्रश्न या शहरापुढे अलीकडे आलेला नव्हता.

धागालेखकांचे ‘शहर कोणी विकत घेतलेले नाही’ हे उत्तर मला पटले; सोसायटीचा दाखला मी मागे घेतो. विधान परिषदेचा मुद्दा मात्र उभाच आहे. कलम १७१ मध्ये नगरपालिकांच्या सदस्यांचा उल्लेख थेट घटनेत आहे. त्यांना त्या मतदारसंघातून वगळायचे तर घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे ‘राज्याच्या कायद्याने काम भागेल’ हा आपला पाया ढासळतो.

जर्मनीचे उदाहरण मी दिले, ते अर्धेच दिले होते, ते पूर्ण करतो. त्या निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की रहिवासी आणि मतदार यांच्यातले अंतर खटकत असेल तर उपाय नागरिकत्वाच्या कायद्यात आहे. जर्मनीने तोच रस्ता धरला: २००० पासून तिथे जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना अटींसह जन्माने नागरिकत्व मिळू लागले, आणि जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, मूळचे नागरिकत्व न सोडता अर्ज करता येतो. माझी बाजू हीच आहे. मताला नागरिकत्वापासून तोडू नका; पुण्यात जन्मून, मराठी शाळेत शिकून १८ वर्षांची झालेली मुलगी नागरिक नसणे ही चूक दुरुस्त करा. २००३ च्या, डिसेंबर २००४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने बेकायदा प्रवेश करणाऱ्यांना रोखायचे होते. कराराने कायदेशीरपणे राहणाऱ्यांची मुलेही त्यात अडकावीत असे ठरवण्याचे मला कोणतेही समर्थनीय कारण दिसत नाही.

तोवर आजच्या कायद्यातही तिला वाट आहे. ती सज्ञान आहे, १२ वर्षांच्या वास्तव्याची अट तिने पूर्ण केल्याचे शाळेच्या दाखल्यांवरच सिद्ध होते. कलम ६ खालचा अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो. जन्मदाखला, शाळेचे दाखले आणि राहत्या जागेचे कागद घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. मी तो अर्ज विनामोबदला तयार करून देईन आणि निकाल लागेपर्यंत पाठपुरावाही करीन.

धागालेखक, कोथरूड

शिक्षिकाबाईंचे म्हणणे मान्य करून कराचा मुद्दा मी मागे घेतो. त्यांनी लिहिले नसते तर तो कुठे घेऊन जातो हे माझ्या ध्यानात आले नसते. कलम १७१ पुढे माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे घटनादुरुस्तीशिवाय हे होईल हा दावाही सोडतो. मूळ मत मात्र सोडलेले नाही. वकीलसाहेबांची वाट मुलीसाठी योग्य आहे, पण तिच्या वडिलांसाठी नाही. वयाच्या ५१ व्या वर्षी आपल्या आईवडिलांच्या देशाचा कागद परत करा आणि मगच कचऱ्याच्या गाडीविषयी बोला, असे त्यांना सांगायला माझी जीभ धजावत नाही.

काल संध्याकाळी वकीलसाहेबांचा निरोप मी त्या दोघांना वाचून दाखवला. मुलीने पहिला प्रश्न विचारला की हा अर्ज मंजूर झाला तर नेपाळचे नागरिकत्व सोडावे लागेल का. मी हो म्हणालो. मग तिने वडिलांकडे पाहिले आणि गावच्या जमिनीत आजीने तिच्या नावाचा जो वाटा ठेवला आहे त्याचे काय होईल, असे विचारले. ते मला माहीत नव्हते, त्यांनाही नव्हते. येत्या रविवारी सकाळी ती तिची कागदपत्रे घेऊन शिवाजीनगरला येईल, आणि पहिल्यांदा तेच विचारणार आहे.